हात लावू नये

१० जानेवारी २०२५

प्रति,
मा. शिक्षण समन्वयक,
निसर्ग संग्रहालय, नांदेड.

विषय : शाळेस मिळालेली फिरती पेटी परत करण्याबाबत.

संदर्भ : पेटीच्या झाकणावर चिकटवलेली सूचना, 'पेटी परत करताना ती वर्गात कशी वापरली, हे शिक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवावे.'

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपली पेटी सोमवारी उदगीर गाडीच्या कंडक्टरकडून मिळाली. आतील वस्तू तपासून घेतल्या. घुबडाचा पंख, मुंगसाची कवटी, सापाची कात, साळिंदराचे काटे, मांजरेच्या काठी सापडलेल्या फार जुन्या हत्तीच्या दाढेची प्लास्टरची प्रतिकृती, आणि वाळक्या शेणासारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्या. सदर वस्तू ऑफिसातल्या कपाटात काचेच्या कप्प्यात मांडून सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांना रांगेने दाखवण्यात आल्या. एकाही विद्यार्थ्याने कोणत्याही वस्तूस हात लावला नाही, याची मी जातीने दक्षता घेतली. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पंखाचे एक पीसही इकडचे तिकडे झालेले नाही. वस्तू आल्या तशा सुस्थितीत परत करीत आहे.

दाढेच्या चिठ्ठीवर 'मांजरेत सापडली' असे छापले आहे. त्यावरून सातवीतल्या रामलिंगने भर वर्गात विचारले, "बाई, हत्तीला मांजरानं गिळलं का?" त्याला नदी चांगली ठाऊक आहे, उन्हाळाभर तो तिथेच डुंबत असतो. तरी संग्रहालयाने आपली भाषा तपासून घ्यावी.

आपली विश्वासू,
शीला वैजनाथ बिरादार
सहशिक्षिका, जि. प. शाळा, ता. देवणी

(मागच्या बाजूला. हे फायलीला लावू नकोस.)

ज्योत्स्ना,

पेटीवर समन्वयक म्हणून तुझं नाव छापलेलं पाहिलं. ज्योत्स्ना वीरण्णा बिरादार. माझ्या दिराचं नाव, माझ्याच घराचं आडनाव, आणि पेटी मात्र शाळेच्या नावानं, आणि तुला मी लिहायचं महोदया म्हणत. हनुमंत सरांनी, आमच्या मुख्याध्यापकांनी, मला न विचारता मागवली. मला माहीत असतं तर मागवू दिली नसती.

फोन करत जाऊ नकोस. मी उचलत नाही, उचलणारही नाही. फोनवर बोललं की माझ्या तोंडून काहीही जातं. कागदावर निदान लिहिताना हात दुखतो.

येळवशीला, अवसेच्या शेतपूजेला, काय झालं ते तुझ्या मते काहीच झालं नाही. शेतात खोपीपुढं सगळं गोत जेवायला बसलेलं, मी आंबिलाचं गाडगं घेऊन वाढत होते, आणि तू भज्जीत भाकर बुडवत म्हणालीस, "अक्का, शिवांगीला आठवीला माझ्याकडं नांदेडला पाठवा. इथं सातवीच्या पुढं शाळा कुठाय?" आप्पा लगेच म्हणाले, "जाऊ द्या की. काकू हाय तिथं." ह्यांनी तोंडात घास होता म्हणून नुसती मान हलवली. सासऱ्यानं ठरवलं, नवऱ्यानं मान हलवली, धाकट्या जावेनं सुचवलं. पोरगी ज्या बाईनं जन्माला घातली तिच्या हातात गाडगं होतं, तिला कोण विचारतो? मी गाडगं खाली ठेवून बांधाबांधानं घरी आले ते तू पाहिलंस.

इथली शाळा सातवीपर्यंतच आहे हे मला तुझ्याकडून कळायला नको. मी त्याच शाळेत शिकवते. देवणीला बस जाते. माझी पोरगी देवणीला जाईल आणि संध्याकाळी घरी येईल. मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं आहे.

आपल्या घरची रीत तुला आठवत असेल. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर तरी काही घालून द्यायचं. पेटीत तुझ्या वस्तूंशिवाय काहीही घातलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम घातलं नाही.

शीला


२९ जानेवारी २०२५

ज्योत्स्ना,

तुझं उत्तर आलं. वर शिक्का, खाली सही, मध्ये टाइप केलेलं 'महोदया, पेटीतील सर्व वस्तू विद्यार्थ्यांनी हाताळाव्यात यासाठीच आहेत. काचेआड ठेवायला आमचं संग्रहालय आहेच.' आणि त्याखाली पेनानं, 'अक्का, मोडलं तरी चालतं.'

हनुमंत सरांनी ते मोठ्यानं वाचलं. सगळा स्टाफ हसला. मीही हसले. हसायला काय जातं?

मोडलं तरी चालतं म्हणे! तू कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आहेस का गं? आमच्या आधीच्या बाईंच्या हातून सूक्ष्मदर्शकाची काच फुटली, तर त्या वर्षभर खुलासे लिहीत होत्या. तेव्हापासून शाळेत नवी वस्तू आली की आधी तिच्यासाठी कुलूप शोधतात. पृथ्वीचा गोल कपाटात आहे. सांगाडा कपाटात आहे, त्याला उभं करायला जागा नाही म्हणून गुडघे दुमडून बसवला आहे. पोरं त्याला 'गुरुजी' म्हणतात. तुझ्या पेटीचं मी काही वेगळं केलं नाही. जी चीज चांगली ती कुलपात, एवढंच आम्हाला कोणी तरी शिकवलेलं आहे.

बरं, ते राहू दे. संक्रांतीला आप्पा शिवांगीला नांदेडला घेऊन गेले. मला कळलं तेव्हा तिची पिशवी भरून झाली होती. परत आल्यापासून तिचं एक वाक्य 'काकू म्हणल्या' शिवाय सुरू होत नाही. काकू म्हणल्या, सापाला पापण्या नसतात. काकू म्हणल्या, साळिंदर काटे फेकून मारत न्हाई, ते खोटं हाय. तू घातलेली वेणी तिनं दोन दिवस सोडू दिली नाही. तिसऱ्या दिवशी तेल लावायला बसवली तेव्हा केसांना तुमच्या घरच्या साबणाचा वास येत होता. मी दोनदा शिकेकाई लावली.

अव्वा म्हणाल्या, "काकूवर गेली बघ पोरगी." पोटची माझी आणि गेली काकूवर. सासूला काय बोलणार? मिठाची गुळणी धरून कणीक तिंबत बसले.

मला जळायचा हक्क आहे, ज्योत्स्ना. तुला शिवांगी सुट्टीत मिळते, नटलेली, नवीन नवीन विचारणारी. मला घरी मिळते ती दमलेली, आणि शाळेत तर मिळतच नाही. वर्गात ती मला बाई म्हणते. तिचा हात वर असला तरी मी आधी तिला विचारत नाही. हा नियम मीच केला. नाहीतर गाव लगेच म्हणेल, बाईची पोरगी म्हणून पहिली येते. पाचवीपासून ती माझ्या वर्गात आहे, आजवर कोणाची ते म्हणायची टाप झालेली नाही. ह्याचा मला अभिमान आहे.

दुसरी पेटी पाठव. हाताळू. तुझ्यासमोर हार जाईन असं समजू नकोस.

हनुमंत सर म्हणत होते, विज्ञान दिनाला तुलाच बोलावलं आहे. याही वेळी मला विचारलेलं नाही.

शीला


१ मार्च २०२५

ज्योत्स्ना,

काल तू पुढं होतीस, मी मागं होते. मागून काय दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

मी शेवटच्या बाकावर बसले होते, सहावीच्या पोरांचा आखूड बाक, गुडघे हनुवटीला. पुढच्या खुर्चीवर आप्पा पटका बांधून. येईल त्याला सांगत होते, "आमची धाकटी सून. नांदेडच्या म्युझियमात साहेब हाय." मोठी सून त्याच खोलीत होती. तिचा पगार ह्याच गावच्या फळ्याखाली खडू खाऊन मिळतो, ते कोणाला सांगण्यासारखं नसावं. पिकतं तिथं विकत नाही.

तू खुर्ची घेतली नाहीस. गळ्यात ओळखपत्र, हातमागाची साडी, आणि सरळ सतरंजीवर मांडी. पोरं तुझ्याभोवती गुळाला मुंग्या लागल्यासारखी. त्यांना डोळे मिटायला लावलेस आणि प्रत्येकाच्या कानाशी आधी कोंबड्याचं पीस हलवलंस, मग घुबडाचा पंख. पिसाचा आवाज आला, पंखाचा आला नाही. "म्हणून उंदराला कळत न्हाई," म्हणालीस. रामलिंग, जो माझ्या तासाला खिडकीबाहेर बघतो, तो तोंड उघडं टाकून बसला होता. बघून मला त्याच्या तोंडात माशी जावी असं वाटलं.

दारात हे उभे होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी शिकवताना ह्यांनी वर्गाचं दार कधी पाहिलं नाही. काल दोन तास उभे. घरी येताना म्हणाले, "लई भारी शिकविलं गं ज्योत्स्नानं." मी म्हटलं, "हाव, तिच्याकडं हत्तीची दाढ हाय, माझ्याकडं नुस्ता खडू." ते म्हणाले, "तसं न्हाई." कसं ते काही सांगितलं नाही.

आणि दाढ. तू सगळ्यांच्या मांडीवरून ती फिरवलीस. हत्तीची दाढ झिजली की मागून नवी सरकत येते, ती झिजली की पुढची, असं सांगितलंस. तेव्हा मधूनच एक हात वर गेला. सरळ, कानाला दंड चिकटवून. मी आधी ओळखलाच नाही. मग बांगडी दिसली, माझ्याच हातानं भरलेली.

"काकू, शेवटची दाढ झिजल्यावर हत्ती काय खातो?"

तू म्हणालीस, "काहीच नाही. तसाच उपाशी मरतो. रानातला म्हातारा हत्ती बऱ्याचदा असाच जातो." शिवांगीनं ती दाढ मांडीवर घेतली आणि म्हातारीच्या पायावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवत राहिली.

असा प्रश्न तिनं मला आजवर विचारलेला नाही. माझ्या तासाला ती वही नीट ठेवते, फळा स्वच्छ पुसते, परीक्षेत सगळं बरोबर लिहिते. तिच्यात असे प्रश्न आहेत हे मला परक्या बाईच्या तासाला, शेवटच्या बाकावरून कळावं?

तू परकी नाहीस म्हणशील. जावाजावा उभा दावा म्हणतात, तो काही उगाच नाही. खरं सांगू? हागलं-मुतलं मी काढलं, गोवर मी काढला, बाराखडी मी गिरवून घेतली, आणि आता पोरगी हुशार निघाली तेव्हा तुला नांदेडला हवी आहे. आयत्या बिळावर नागोबा.

पेटी शाळेत ठेवून गेली आहेस. कपाटात ठेवलेली नाही. एवढंच.

शीला


२२ मार्च २०२५

ज्योत्स्ना,

उत्तर आलं नाही. बरोबर आहे. ते नागोबाचं तुला लिहायला नको होतं. तुमच्या घरात पाळणा हलायची वाट तुम्ही कशी बघता ते मला ठाऊक आहे, दवाखान्याच्या फाइली मीच तुझ्याबरोबर लातूरला धरून बसले होते. तरी लिहिलं. जळणाऱ्या माणसाला कुठं बोट ठेवायचं ते बरोबर सापडतं.

पण आज मी माफी मागायला बसलेले नाही, मिरवायला बसले आहे.

त्या गोळ्या आठवतात? शेणासारख्या दिसणाऱ्या, पेटीत दोन असतात. सोबतच्या कागदावर वाचलं की गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस पचत नाहीत म्हणून त्यांची गोळी करून तोंडातून टाकतं. वाचता वाचता मला काय आठवलं असेल? आपला कोंडवाडा! मारुतीच्या देवळामागं, चुकार ढोरं कोंडायचे तो. आता कोणी ढोरं कोंडत नाही, घुबडं राहतात म्हणून कोणी फिरकतही नाही. लहानपणी शिवांगीला तिकडं जाऊ नको म्हणून मीच भीती घातली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

दोन्ही वर्ग घेऊन गेले. अव्वांनी आधी हात जोडले, "शीला, अशुभ हाय गं ते, पोरास्नी नेऊन राहिलीस व्हय?" तरी नेले. आढ्याखाली जमिनीवर गोळ्यांचा नुसता सडा होता. वर दोन पांढरी तोंडं आमच्याकडं बघत होती, हळदीकुंकवाला चुकीच्या घरी आल्यासारखी. आम्ही सूप भरून आणलं. तुझ्या संग्रहालयात दोन, आमच्याकडं सूपभर. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे, दोनदा वाच.

कोमट पाण्यात भिजवल्या, वर्तमानपत्रावर मांडल्या. सुया कुठून आणणार, बाभळीचे काटे घेतले. तासाभरात वर्गाचं रूप पालटलं. केस बाजूला, हाडं बाजूला. उंदराच्या कवट्या, पुढचे दात पिवळे. रामलिंगला एक लांबोळकी निघाली, ती चिचुंद्रीची. तुझ्या कागदावरच्या चित्राशी ताडून त्यानं स्वतः ओळखली आणि पळत जाऊन सहावीच्या पोरांच्या नाकाशी नेली. "आमच्या हरभऱ्यातले उंदीर हेच खातंय व्हय, बाई? मग हे अशुभ कसं?" त्याचा प्रश्न. माझ्या तासाला. मला विचारलेला. घुबडाचं अशुभ गावातून कधी जाईल ते जाईल, माझ्या वर्गातून त्या दिवशी गेलं.

मी फिरत होते, हाताला वास, पदराला उंदराचे केस, आणि गेल्या कित्येक वर्षांत इतकी खुश झाले नव्हते. तू हे बघायला हवं होतंस असं वाटलं. तुला दाखवायचं होतं, तू शिकावंस म्हणून नव्हे, तुझा चेहरा पडावा म्हणून.

आणि मग हे झालं.

सगळी पोरं कोपरापर्यंत त्यात घुसलेली. कोणी विचारत नव्हतं, कोणी थांबत नव्हतं. एकटी शिवांगी भिंतीला टेकून उभी. दोन्ही हात पाठीमागं. तिच्यापुढची गोळी तशीच, भिजून फुगलेली. मी जवळ गेले तशी ती हळूच म्हणाली,

"बाई, मी हात लावू का?"

एवढ्या पोरांत विचारणारी एकटी माझी पोरगी.

मी हो म्हटलं. तिनं काटा घेतला आणि छान, नीट, एकही हाड न मोडता गोळी सोडवली. सगळ्यात चांगला तक्ता तिचाच झाला. मी तो भिंतीवर शेवटी लावला, नियमाप्रमाणे.

तेव्हापासून मला काही सुधरत नाही.

शीला


१९ एप्रिल २०२५

ज्योत्स्ना,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. नागोबाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, कोंडवाड्याबद्दल मात्र लिहिलंस, 'अक्का, माझा चेहरा खरंच पडला.' बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पत्रासोबत घातलेला आमच्या सुपाचा फोटो तू संग्रहालयाच्या सरांना दाखवलास हेही वाचलं. खाली शाळेचं नाव घातलंस, माझं घातलंस की नाही ते लिहिलं नाहीस.

मी इकडं एक करून बघितलं. परीक्षेच्या आधी उजळणी चालली होती. हत्तीच्या दाढेचा विषय मी मुद्दाम काढला आणि पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी, शिवांगीकडं बोट केलं. "तू सांग." वर्गात लगेच कुजबुज, मागून कोणी तरी "बाईची पोरगी" म्हणालं. ती उभी राहिली. मान खाली. म्हणाली, "येत न्हाई, बाई."

जिला तो प्रश्न पडला तिला उत्तर येत नाही?

परवा गच्चीवर कुरडया घालायला आम्ही दोघीच होतो. मी सोऱ्या दाबत होते, ती चादर धरून. मी विचारलं,

"वर्गात तुला येत होतं की गं?"

"हाव."

"मग येत न्हाई का म्हणलीस?"

"बाईंना आवडत न्हाई, मी आधी बोललेलं."

"कोण बाई?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तूच की, आई."

सोऱ्यातून कुरडई खाली आलीच नाही, हात थांबला. मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"आणि काकूपुढं बरी बोलतीस? काकू लई आवडते व्हय?"

"काकू आवडते. पण त्याच्यानं न्हाई."

"मग?"

तिनं चादरीचं टोक सरळ केलं. "इथं मी बाईची हाय. शाळेत बी बाईची, गावात बी बाईची. देवणीला गेले तरी सगळे सर तुला वळकतात. नांदेडला मी कुणाचीच न्हाई. तिथं हात वर केला तर नुस्ता माझाच हात असतो."

हे ऐकून आईला रडू यायला हवं, होय ना? आलं. पण त्याच्या आधी काय वाटलं ते तुलाच सांगते, कारण हे समजायला माझ्याइतकीच जळकी बाई हवी आणि ती तूही थोडी आहेस. मला आनंद झाला. नांदेडला ती कुणाचीच नाही म्हणाली. म्हणजे तुझीही नाही, ज्योत्स्ना! तुझीही नाही!

मग रडले. कुरडयांना मीठ कमी पडलं नसेल यंदा.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तू म्हणशील तसं." येळवशीला हेच म्हणायला काय झालं होतं देव जाणे. अजून काही ठरवलेलं नाही. कोणाला ठरवूही दिलेलं नाही. ह्या खेपेला गाडगं माझ्या हातात नाही.

शीला


१४ जून २०२५

प्रति,
मा. शिक्षण समन्वयक,
निसर्ग संग्रहालय, नांदेड.

विषय : फिरती पेटी परत करणे, तसेच आमच्याकडील एक चीज हाताळण्यासाठी पाठवण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपली पेटी उद्या रविवारी माझ्या यजमानांसोबत पाठवीत आहे. मुंगसाच्या कवटीचा एक दात पडला आहे. रामलिंगने पाडला. त्याचा खुलासा मी लिहिणार नाही. साळिंदराच्या काट्यांपैकी एकाची आता पेनाची दांडी झाली आहे. पंखाची पिसे विस्कटली आहेत, कारण तो संपूर्ण गावाने कानाशी हलवून पाहिला, अव्वांनीसुद्धा. सांगाड्यास कपाटातून बाहेर काढून उभे केले आहे, तो आता सातवीच्या दारात असतो.

पेटी रिकामी नाही. गोळ्यांच्या जागी कोंडवाड्यातील पिशवीभर गोळ्या घातल्या आहेत, त्या आपण इतर शाळांना द्याव्यात आणि पिशवीवर आमच्या गावाचे नाव घालावे. वरच्या कप्प्यात कुरडया आहेत. त्या संग्रहालयाच्या नाहीत, वीरण्णा भावजींना तळून द्याव्यात.

पेटीबरोबर शिवांगीलाही पाठवीत आहे. आठवीस. हा निर्णय तिच्या आईचा आहे, सासऱ्यांचा नाही, आपला तर मुळीच नाही, याची नोंद घ्यावी.

शिवांगीविषयी काही सूचना आहेत, त्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवाव्यात. तिला काचेआड ठेवू नये. तिला काय येते ते पाहुण्यांपुढे काढून दाखवू नये. आपली पुतणी म्हणून तिच्या वर्गात जाऊन बसू नये, शेवटच्या बाकावरही नाही. वेणी तिची तिला घालता येते. ती आजारी पडली तर आधी मला फोन करावा, मग डॉक्टरला. मी फोन उचलीन. तिने आपणास काकूच म्हणावे. कधी झोपेत, तापात, चुकून तोंडातून दुसरे काही गेले, तर ओ द्यावी, पण मला कळवू नये.

आपल्या जानेवारीच्या पत्रातले 'मोडलं तरी चालतं' हे वाक्य तिला लागू नाही.

काल तिची पिशवी भरताना तिने विचारले, "आई, तुझी हत्तीच्या गोष्टीची वही मी नेऊ?" उजळणीसाठी दाढेची टिपणे मी त्या वहीत काढली होती. नेऊ का असे तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता पिशवीत घातली. मी बघितले न बघितल्यासारखे केले. तिचा हात आता विचारत थांबत नाही, हे आपल्याला कळावे म्हणून लिहिले.

दिवाळीला परत पाठवावी. आपल्या घरची रीत आपणास ठाऊक आहे. रिकामी पाठवू नये.

आपली विश्वासू,
शीला वैजनाथ बिरादार
शिवांगीची आई